बरडीवरचा बोकड

वैशाखातलं ऊन बरडीवर उतरलं की दगडसुद्धा वास सोडतात. केसरबाई धावड्याच्या झुडपाखाली बसून टाचेतला काटा काढत होती. झुडपाची सावली ती कसली, डोकं आत आणि पाय बाहेर. काटा निम्मा वर आला होता, तेवढ्यात खिंडीकडून घंटी वाजली आणि तिचा हात थांबला.

घंटी तिनंच बांधलेली, बोकडाच्या गळ्यात. बोकड वर आला. काळाभोर, कपाळावर पांढरा चांद, डाव्या कानाला देवाच्या नावानं घेतलेला काप. तो सरळ तिच्याकडे आला आणि तिच्या ओच्याला तोंड लावून रोजची चतकोर भाकर मागू लागला. त्याच्यामागं देवचंदच्या बकऱ्या आल्या, आणि बकऱ्यांच्या मागं काठी दोन्ही खांद्यांवर आडवी टाकून स्वतः देवचंद आला.

केसरबाईनं पदर नाकाखाली ओढला. देवचंद तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. जेठाला तोंड दाखवायचं नसतं आणि त्याच्याशी बोलायचंही नसतं. लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. नवरा गेला त्या दिवशीही नाही. काय सांगायचं ते कुणाला तरी मध्ये घालून सांगायचं. जेठाणीला, पोराला, कुणीच नसलं तर भिंतीला. बरडीवर भिंत नव्हती. तिनं बोकडाचं शिंग धरलं.

"बोकड्या, सांग त्यास्ले," ती म्हणाली, "बरड बंद शे. गावनी आन शे. बकऱ्या माघारे फिरवा म्हना."

देवचंद हसला. त्यालाही बोकडच सोयीचा पडला.

"बोकड्या, तू देवना शे. तुले कोन आडावस? तुले वाटी तठे तू जाशी. आते तुना मांगे मन्या बकऱ्या उन्यात, तर मी काय करू?"

एवढं बोलून तो दगडावर टेकला आणि तंबाखू मळू लागला. एक शेळी मागच्या पायांवर उभी राहिली, पुढचे पाय अंजनाच्या फुटव्यावर टेकले, आणि कोवळा शेंडा तिनं चटकन खुडून घेतला. केसरबाई काठी घेऊन धावली. एक हाकलली की दुसरी घुसायची. टाचेतला अर्धा काटा आत मोडला. देवचंद बसल्या जागेवरून बघत होता, आणि बोकड तिच्यामागं भाकरीसाठी पळत होता. जिकडे बोकड तिकडे बकऱ्या. म्हणजे ती जितकी धावायची तितकी बरड जास्त तुडवली जायची, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

सोनदऱ्याची ही खडकाळ बरड साऱ्या गावाची. तीन वर्षांपूर्वी तिच्यावर खडे आणि खुंट यांच्याखेरीज काही नव्हतं. खुंटही असे की ठेच लागल्यावरच कळायचं. मग दुष्काळ आला, ढोरं धुळ्याच्या बाजारात मातीमोल गेली, आणि बायकांना एका मोळीसाठी सूर्य उगवायच्या आत निघून तो मावळल्यावर घरी यायची पाळी आली. तेव्हा वनखात्याचा एक माणूस गावात आला होता. तो म्हणाला, रोपं लावू नका, खड्डे खणू नका. खाली मुळं जिवंत आहेत, फक्त वरून तोंड आणि कुऱ्हाड लागू देऊ नका. लोक हसले. काही न करता रान उगवतं, मग आम्ही काय आजवर झोपलो होतो? पण पोट खपाटीला गेलं की माणूस कशालाही हो म्हणतो. मारुतीच्या पारावर गावानं बेलभंडारा उचलून आण घेतली. बरडीवर जनावर नाही, कुऱ्हाड नाही.

आणि काय सांगावं, त्या खुंटांना धुमारे फुटले. अंजनाला तांबूस कोवळी पानं आली. धावडा आला, खैर आला, पळस तर जिथं तिथं. गवत गुडघ्याला लागलं, आणि दसऱ्यानंतर विळ्यानं कापून घरोघर वाटलं तेव्हा हसणारी तोंडं मिटली. खालच्या अंगाच्या विहिरीला शिमग्यापर्यंत पाणी टिकलं.

राखणीला कुणी तयार नव्हतं, म्हणून केसरबाईला ठेवली. विधवा बाई, पदरात एकच पोरगा, पुना, तोही सुरतेला कापडाच्या मागावर. घरामागं पायलीभर दाणे ठरले. तिच्या बकऱ्या होत्या, त्या तिनं आधी विकल्या. राखणदाराच्या दारात बकऱ्या शोभत नाहीत. पुढं राखण तिच्या हाडात भिनली. एका खुंटाला दहा-पंधरा फुटवे येतात; त्यातला सरळ, जोमदार तेवढा ठेवायचा आणि बाकीचे विळ्यानं तळातून घ्यायचे, हे ती आपसूक शिकली. प्रत्येक झाड तिला ओळखीचं झालं. अंजन आता तिच्या छातीला लागत होतं. बकरी मागच्या पायांवर उभी राहिली तरी शेंडा तिच्या तोंडात येऊ नये, एवढी उंची गाठली की झाड सुटलं. अजून एक पावसाळा हवा होता. त्याआधी शेंडा गेला तर अंजन वर जात नाही, खालीच झिपरं होऊन बसतं.

आता बोकडाचं. तो तिच्याच नवसाचा. पुना लहान असताना मुदतीच्या तापात हातचा जात होता, तेव्हा बरडीवरच्या म्हसोबापुढं तिनं पदर पसरला होता. पोरगा वाचला तर त्याच्या लग्नाला, हळदीच्या अंगानं, बोकड देईन. बकऱ्या विकल्या तेव्हा शेवटच्या वेतातलं हे एक नर पिल्लू तिनं मागं ठेवलं, कानाला काप दिला आणि देवाच्या नावानं सोडून दिलं. सोडलेल्या जनावराला बांधत नाहीत, मारत नाहीत. बांधलं तर नवस उलटतो. ते कुणाच्या शेतात शिरलं तरी लोक हात जोडून बाजूला होतात.

पण ते कुणाच्या शेतात गेलंच नाही. त्याला आई नव्हती, केसरबाईच होती. ती बरडीवर निघाली की तेही मागं. पहिल्या दिवशी तिनं बरडीची वाट अडवायला खिंडीत रचलेले काटे ओढून त्याला आत घेतलं तेव्हा मनात म्हणाली होती, एक पिल्लू, ते किती खाईल? कुंपणच शेत खातं म्हणतात. इथं कुंपणानं वाट तेवढी दाखवली. पुढं पिल्लाचा बोकड झाला, आणि देवचंदच्या हुशार डोक्यात उजेड पडला.

संध्याकाळी पारावर लोक जमले. गिरधर सरपंच मधे. केसरबाई पाराखाली, बायकांत.

देवचंदनं सरळ हात वर केले. "मी बकऱ्या धाड्यात का? देवनं जनावर पुढे, बकऱ्या मांगे. जनावरले आडावानं पाप कोन ली? तू लेस का, गिरधर?"

गिरधर पाप घ्यायला सरपंच झाला नव्हता. तो मान खाजवू लागला. मग ताईबाई उठली, शेजारच्या आळीची, जिभेला हाड नसलेली.

"मन्यापन दोन शेया शेतस ना," ती म्हणाली. "घरमा चारा नही. बोकड इना, चरस इना बोकड, अन् आम्ही काय तोंडे बांधीसन बसानं? राखनदारनं एक अन् गावनं एक? वा वं केसरबाई!"

बायका हसल्या. केसरबाईचे कान तापले. तिला म्हणायचं होतं की ताईबाई, मागल्या दसऱ्याला गवताचे भारे तूच जास्त नेलेस. पण ताईबाईचं अर्धं खरं होतं. बोकड तिचाच होता आणि वाटही तिनंच दाखवली होती.

बराच गलका झाला. शेवटी गिरधर म्हणाला, "मिरग लागेपावत देखू. तवलग बोकडनं काही व्हयनं तर बरं, नही तर बरड बठ्ठासले मोकयी. एकना बकऱ्या खातीन अन् बाकीना देखतीन, आसं चालाव नही."

मृगापर्यंत बोकड हटला नाही तर बरड साऱ्या गावाला मोकळी, एवढं ठरून लोक पांगले. केसरबाईनं मनाशी सरळ हिशेब मांडला. बोकडाचं व्हायचं म्हणजे पुनाचं लग्न व्हायचं. लग्न झालं की नवस फिटला, नवस फिटला की बोकड नाही, बोकड नाही की देवचंदला आडोसा नाही. आणि लग्नाचं तर ठरल्यासारखंच होतं. चोपड्याकडच्या पितांबरची मुलगी, लिला. बोलणी देवचंदच करत होता, कारण घरात मोठा पुरुष तोच. बाईनं बोलणी करायची पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं जेठाणीला, वच्छलाबाईला, मध्ये घातलं. देवचंद ओट्यावर बसला होता, हातभर अंतरावर. तरी वच्छलाबाईनं ऐकायचं आणि पुन्हा नवऱ्याला सांगायचं.

"अक्का, इचारा त्यास्ले, पुनानं यंदाच उरकाव का?"

"त्या इचारतीस, यंदा उरकाव का?"

"सांग तिले," देवचंद म्हणाला, "पोरवाया म्हनतस पुढला साल. आम्हनी तयारी नही म्हनतस. मी काय त्यास्ना गयाले फास लाऊ? साखरपुडा तेवढा करी ठेवू."

वच्छलाबाईनं हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिचे डोळे खाली गेले. केसरबाईला ते खटकलं, पण खटकलेलं बोलून दाखवायची सोय नव्हती. जेठाच्या शब्दावर शब्द ठेवायचा तर कुणाच्या तोंडून?

पुढचे दिवस फार वाईट गेले. ती भल्या पहाटे बोरीच्या आणि हिवराच्या काट्या तोडून खिंडीत रचायची. पुढं दोन फाटे असलेल्या दुबेळक्या काठीनं काट्या दाबताना हातांची चाळण झाली. दुपारी बोकड यायचा, शिंगानं काट्या उचकटायचा, आणि नाही जमलं तर पलीकडे उभा राहून ओरडायचा, आई हरवलेल्या पोरासारखा. ती कानात बोटं घालून पाठ करून बसायची. मग देवचंदच पुढं होऊन काठीनं काट्या बाजूला सारायचा आणि वर म्हणायचा, "देवनी वाट कसाले आडावतस रे भो, पाप लागी." त्याच्या मागं आता ताईबाईच्या दोन शेळ्याही होत्या. उद्या आणखी कुणाच्या असतील.

एकदा तिनं दोरी आणली. बोकड भाकरीसाठी आला तेव्हा दोरी त्याच्या गळ्यापाशी नेली. बोकडानं मान पुढं केली, बांधून घ्यायला, इतक्या विश्वासानं. तिला तापात फणफणलेला लहानगा पुना आठवला. तिनं दोरी लांब फेकून दिली. देवाशी खेळ तिला झेपणारा नव्हता.

रोज संध्याकाळी ती खुडलेले शेंडे बघत फिरायची. कधी दोन, कधी वीस. खुडलेल्या जागी चीक गोठलेला असायचा. ती त्यावर ओली माती लावायची. त्यानं काही होत नाही हे तिला ठाऊक होतं, पण तसंच सोडून घरी जायला पाय उचलत नसत.

पितांबर आला तो असाच एका दुपारी. बैल बघायला धुळ्याला चालला होता, वाटेत व्याह्याचं गाव म्हणून एसटीतून उतरला. घरी कुणी नाही, म्हणून विचारत विचारत बरडीवर पोहोचला. देवचंद त्या दिवशी जामनेरला गेला होता, त्यामुळं बरड शांत होती. केसरबाईनं पदर घेतला, घागरीतलं पाणी दिलं आणि बाजूला उभी राहिली.

पितांबर पाणी प्याला, तोंड पुसलं, आणि जरा अवघडून म्हणाला, "विहीनबाई, एक इचारू का? आम्हनं काही चुकनं का?"

"का हो, दाजी?"

"नही, म्हनजे तुम्हना जेठनी निरोप धाडा, लगीन पुढला साल. पोऱ्यानं मन नही का? मन्ही माय खाटलावर शे. नातनं लगीन देखू अन् जासू म्हनस. मी तर याच वैशाखमा उरकाले तयार व्हतू."

केसरबाईला राग आला. असा राग की कानांत घंटी वाजू लागली. पोरीकडचे थांबा म्हणत नव्हते. थांबवत होता तिचाच जेठ. पोराचं लग्न वर्षभर लांबवायचं, कशासाठी, तर बोकड जगावा म्हणून. आणि बोकड कशासाठी, तर त्याच्या बकऱ्यांना अंजनाचा पाला मिळावा म्हणून. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

ती पदराआडून बोलू लागली आणि बोलता बोलता तिचा आवाज स्थिर झाला. तिनं पितांबरला सगळं सांगितलं. बोकड, नवस, बरड, मृग. पितांबर ऐकत राहिला. त्याची नजर अंजनाच्या खुडलेल्या शेंड्यांवरून फिरली.

"मंग काय करानं?" त्यानं विचारलं.

"साखरपुडा तर ठरेल शे ना? साखरपुडामाच लगीन लाई टाका. बामन तठेच, मानसं तठेच. लोके करतस तसं."

"ते करतस. पन दोन्हीकडला मोठा राजी ऱ्हातस तवय." पितांबरनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "विहीनबाई, तुम्हना जेठ ऐन मांडोमा उठी गया तर? मन्ही पोरनी काय इज्जत ऱ्हाई? मोडेल मांडोनी पोर कोन करस?"

केसरबाई खरं तेच बोलली. "उठतीन का नही, मी सांगू शकत नही, दाजी. पन त्यास्ले सांगं तर मांडोच पडाव नही."

पितांबरनं टोपी परत डोक्यावर घातली. उठताना एवढंच म्हणाला, "मायले इचारी देखस."

साखरपुड्याला सोनदऱ्याची माणसं जीपगाडीत दाटीवाटीनं बसून चोपड्याकडे गेली. देवचंद पुढं ड्रायव्हरशेजारी, डोक्याला गुलाबी फेटा, मिशीला तेल. पुना सुरतेहून आदल्या दिवशीच आला होता, नव्या शर्टात अवघडलेला. केसरबाईनं त्याला काही सांगितलं नव्हतं. पोरगा काकाच्या धाकातला. सांगितलं असतं तर तोंडावर दिसलं असतं. गाडीत ती वच्छलाबाईला खेटून बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत पातळाच्या घडीत मंगळसूत्र. पितांबरनं हो कळवलं होतं का? नव्हतं. नाही कळवलं होतं का? तेही नव्हतं.

पितांबरच्या अंगणात मांडव होता. साखरपुड्याला मांडव जरा मोठाच, असं वच्छलाबाई कुजबुजली. लिलाला पाटावर आणली, साडी दिली, कुंकू लावलं, साखर वाटली. केसरबाई बायकांत बसून पितांबरकडे बघत होती आणि तो काही तिच्याकडे बघत नव्हता. पान-सुपारी फिरली. देवचंद फेटा सावरत उठायच्या बेतात आला. संपलं, असं केसरबाईला वाटलं.

तेवढ्यात घरातून चौघांनी एक खाट उचलून आणली. खाटेवर पितांबरची म्हातारी आई, वाळलेल्या शेंगेएवढी. खाट मांडवाच्या मधोमध टेकली. म्हातारीनं हातानं चाचपडत विचारलं, "पोऱ्याना मोठा कोन शे?"

"मी शे, माय," देवचंद वाकून म्हणाला.

"भाऊ, बामन ऊना शे. हयद वाटेल शे. मानसं शेतस. मन्हा जीव थोडा शे. आजच अक्षता टाकी द्या ना."

देवचंद सावकाश सरळ झाला. त्याची नजर पितांबरवर गेली, तिथून बायकांत, तिथून पदराखाली वाकलेल्या एका डोक्यावर. त्याला समजलं. केसरबाईनं वर पाहिलं नाही, तरी तिला ते मानेवर जाणवलं.

"तसं कसं माय," तो म्हणाला, "आम्हना घरना देव, देवक, भाऊबंद..."

"देवक मांगेथून बी बसाडतस, भाऊ."

"पोऱ्याले तरी इचारा," देवचंद म्हणाला आणि पुनाकडे वळला. "काय रे पुना?"

पुनानं आईकडं पाहिलं, काकाकडं पाहिलं. "नाना, तुम्ही म्हनशात तसं," तो पुटपुटला.

केसरबाईनं डोळे मिटले. आपल्याच पोरानं दार लावून घेतलं. देवचंदच्या मिशा हलल्या, तो काही बोलणार तोच म्हातारीनं हात लांबवून त्याच्या धोतराचा सोगा धरला.

"म्हनजे तुम्हनावर शे, भाऊ. मंग सांगा ना, थांबानं काय कारन शे? पोरमा काही खोट शे का? आम्हना घरमा खोट शे का? कारन सांगा, मी आयकी लेस."

सगळा मांडव देवचंदच्या तोंडाकडं बघत होता. त्याला कारण होतं, पण मांडवात सांगता येईल असं नव्हतं. मरणाच्या खाटेवरच्या म्हातारीला काय सांगणार, माझ्या बकऱ्यांना पाला हवा आहे म्हणून? पोरीत खोट आहे म्हणाला असता तर लोकांनी तिथंच धरला असता. त्यानं फेट्याला हात लावला, घसा खाकरला. चुलीवरच्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

"कारन..." तो म्हणाला, "कारन काहीच नही, माय. लागू द्या अक्षता."

बायकांनी हळदीचं ताट उचललं. वच्छलाबाईनं केसरबाईला काखेत हात घालून उठवलं आणि कानाशी म्हणाली, "मले माहीत व्हतं वं. सांगाले तोंड नव्हतं." अक्षता पडल्या तेव्हा पहिली मूठ देवचंदनंच टाकली, जरा जोरात.

मृगाआधीच नवस फेडायचा दिवस ठरला. गाव जमलं, डफ आला. बोकडाला धरायला सुपडू खाटीक दोरी घेऊन निघाला, तर बोकड कुणाच्या हाती लागेना. शिंगं उगारून तो बरडीवर या टोकाचा त्या टोकाला पळत होता. लोक हसायला लागले, मग कंटाळले.

केसरबाईनं अंजनाची एक डहाळी तोडली. राखायला ठेवलेल्या झाडाची, तीन वर्षांत तिनं तोडलेली ती पहिली डहाळी. ती खिंडीत उभी राहिली आणि म्हणाली, "ये रे बोकड्या."

बोकड आला. डहाळीला तोंड लावून तो तिच्यामागं चालू लागला, म्हसोबाच्या दगडापर्यंत, शेंदराच्या वासापर्यंत. पुना आणि लिला हळदीच्या अंगानं उभे होते. तिनं बोकडाच्या गळ्यातली घंटी सोडली, कपाळाच्या चांदावरून हात फिरवला, आणि डहाळी त्याच्या तोंडात तशीच ठेवून मागं झाली. अंगावर पाणी शिंपडल्यावर त्यानं अंग झटकलं. देवानं कौल दिला, असं लोक ओरडले. तिनं तोंड फिरवलं. मागं डफ वाजत होता, म्हणून तिचं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही. ती ओक्साबोक्शी रडली. पोराचं लग्न झाल्याचा आनंद खरा होता आणि हेही खरं होतं.

मुंडीचा मान देवचंदचा. त्यानं तो घेतला. पंगतीला सगळं गाव जेवलं, ताईबाई दोनदा वाढून घेऊन जेवली. केसरबाईनं भाकरीबरोबर मिरची खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तशी ती खिंडीत जाऊन उभी राहिली. घंटी वाजली नाही. तरी बकऱ्या आल्या. सवयीनं आल्या आणि खिंडीशी येऊन थबकल्या. पुढं कुणी नव्हतं. त्या माना वर करून इकडे तिकडे बघत ओरडू लागल्या. मागं देवचंद. त्यानं काठीनं काट्या सारायला सुरुवात केली, आणि मग तो थांबला. केसरबाई आडवी उभी होती.

तो वाट बघत होता, ती कुणाला मध्ये घालून बोलते याची. आजूबाजूला पुना नव्हता, वच्छलाबाई नव्हती. शिंग धरायला बोकड नव्हता.

केसरबाईनं पदर मागं सारला. उन्हानं रापलेलं, सुरकुत्या पडलेलं तिचं तोंड देवचंदनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"नाना," ती म्हणाली. "बकऱ्या माघारे फिरवा."

देवचंदनं पटकन नजर खाली घातली, जशी आजवर ती घालत आली होती. त्याच्या हातातली काठी काट्यांतच राहिली. काही तरी बोलायचं म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि बोलला तो पुढच्या शेळीशी.

"चाल वं," तो शेळीला म्हणाला, "चाल घर. आते ती बोलनी."

बकऱ्या वळल्या. केसरबाईनं काट्या ओढून खिंड बंद केली. मग धावड्याखाली येऊन बसली तेव्हा ओच्यात काही तरी टोचलं. सवयीनं बांधून आणलेली चतकोर भाकर होती. ती तिनं सोडून हातात घेतली. शेवटी तिनं ती स्वतःच खाल्ली, सावकाश, एकेक घास, आणि विळा घेऊन उठली.